ऑर्डर देण्याआधी बेसिनपर्यंत जाऊन या

मुंबईत अनोळखी हॉटेलात किंवा बारमध्ये बसलात की हात धुवायच्या निमित्ताने आधी वॉशरूम बघून या. चकचकीत टाइल्सना आणि मंद दिव्यांना भुलू नका. बारमधला अंधार बरंच काही झाकतो. नजर खाली, जमिनीवरच्या जाळीकडे न्या. तिच्याखालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाइपाच्या खोलगट वळणात, थोडं पाणी कायम साचलेलं असावं लागतं, गटाराचा वास तेच अडवतं. ते सुकलं की कितीही फिनेल ओता, वास वर येणारच. डांबरगोळ्यांचा उग्र दर्प आला तर मी तरी सावध होते. गोळी वास झाकते, घाण काढत नाही. मग नळाची मागची बाजू, दाराची कडी, फ्लशचं बटण बघा; घाईत पुसणाऱ्याचा हात तिथे पोचत नाही. साबणाच्या बाटलीत नुसतं पाणी? मग वाढपी हात कशाने धुतात, हा विचार करा.

पावसाळ्यात ओल्या लादीला माफी, दाराशी कोरडं पायपुसणं असलं तरी पुरे. फोर्ट-गिरगावातल्या जुन्या इमारतींत ऐसपैस जागा शोधू नका. काही जुन्या इराणी हॉटेलांत तर बेसिन थेट टेबलांशेजारीच असतं, उठायचीही गरज नाही.