तीन रेघांच्या ग्राफमध्ये माझं दीड वर्ष गेलं: कार्बन नायट्राइड सेन्सरवर नवीन काम सुरू करणाऱ्यांसाठी

कार्बन नायट्राइडच्या (कार्बन-नायट्रोजनची पिवळी पावडर) सेन्सरवर, म्हणजे ती इलेक्ट्रोडवर लावून पाण्यातलं औषध किंवा प्रदूषक करंटवरून मोजण्यावर, नुकतीच पीएचडी सुरू केली असेल किंवा एमएस्सीच्या प्रोजेक्टला हा विषय मिळाला असेल तर हे वाचा. सीव्ही, डीपीव्ही (व्होल्टेज बदलत करंट मोजायच्या दोन पद्धती) तुम्हाला येतात असं धरून चालते. मला जे कुणी वेळेवर सांगितलं नाही तेवढंच लिहितेय.

मी सेन्सरने मोजायला घेतलेलं औषध डायक्लोफेनॅक, एक वेदनाशामक. ते मी हट्टाने घेतलं, कारण गिधाडं. हे औषध टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की त्यांच्या किडन्या निकामी होतात हे २००४ मध्ये सिद्ध झालं, २००६ मध्ये आपल्याकडे जनावरांसाठी त्यावर बंदी आली, पण तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं ९५ टक्क्यांहून जास्त संपली होती. आईच्या गावाला ढोरं टाकायच्या माळावर गिधाडं उतरायची असं ती सांगते, मी तिथे एकही पाहिलेलं नाही. तुम्ही मोजायला पॅरासिटामॉल घ्या, नायट्रोफिनॉल घ्या, शिसं घ्या, पण का घेतलं ते स्वतःला माहीत असू द्या, कारण तिसऱ्या वर्षी तेवढंच कामी येतं.

मटेरियल बनवणं सोपं आहे, त्याला घाबरू नका. मेलामाइन झाकणाच्या क्रुसिबलमध्ये, मिनिटाला ५ अंशाने ५५० अंश सेल्सिअसपर्यंत, तिथे चार तास, मग मफल (भट्टी) आपोआप थंड होऊ द्यायची. १० ग्रॅममधून साधारण निम्मी पिवळी पावडर मिळते. युरियातून अर्धा ग्रॅमही मुश्किलीने मिळते आणि अमोनियाचा वास अख्ख्या मजल्यावर जातो, पण ती पावडर हलकी, पापुद्र्यांची आणि जास्त सरफेस एरियाची असते. झाकण सैल राहिलं तर मेलामाइन उडून जातं, आमच्या लॅबचे मामा क्रुसिबलला बाहेरून फॉइल गुंडाळायचे आणि ते बरोबरच होतं. एक्सआरडीत (एक्स-रे डिफ्रॅक्शन) २७.४ अंशाला मोठा आणि १३ च्या आसपास छोटा पीक दिसला की झालं.

आता खरा खड्डा.

कार्बन नायट्राइड हा सेमीकंडक्टर आहे, बँड गॅप २.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे अंधारात नुसता इलेक्ट्रोडवर लावला तर करंट वाढायच्या ऐवजी बऱ्याचदा कमीच होतो. म्हणून सगळे त्यात काहीतरी कंडक्टिव्ह घालतात, ग्राफीन, सीएनटी (कार्बन नॅनोट्यूब), मेटल ऑक्साइड. मी सीएनटी घातली. आणि पेपरांमध्ये असतो तसा ग्राफ काढला, तीन रेघा: बेअर जीसीई (काही न लावलेला ग्लासी कार्बन इलेक्ट्रोड), नुसतं कार्बन नायट्राइड, आणि कंपोझिट. बेअरवर २ मायक्रोअँपिअर, कार्बन नायट्राइडवर त्याहून कमी, कंपोझिटवर १४. सिनियर दादा म्हणाला मस्त, सर म्हणाले पेपर लिही. मी त्यावर पीएच लावला, स्कॅन रेट लावला, इंटरफिअरन्स, स्टॅबिलिटी, सगळं. दीड वर्ष. मग रिव्ह्यूअरने एक ओळ लिहिली, नुसत्या सीएनटीचा इलेक्ट्रोड कुठे आहे?

तो मी केलाच नव्हता. त्या दिवशी दुपारी केला. १३ आले.

१४ आणि १३. म्हणजे मी ज्याला सिनर्जी सिनर्जी (दोघांनी मिळून जास्त देणं) म्हणत होते ते जवळजवळ सगळं सीएनटीचं होतं. मी त्या रात्री जेवले नाही, हे स्पष्ट सांगते, कारण तुमच्यावर ही वेळ यायला नको.

म्हणून नीट ऐका, हे मी दोनदा तीनदा सांगणार आहे. चौथी रेघ, म्हणजे ज्याने करंट वाहतो त्या घटकाची एकट्याची रेघ, पहिल्या आठवड्यात काढा. आणि ती काढताना वजन जुळवा. माझं कंपोझिट १ मिलिग्रॅम पर मिली होतं आणि त्यात ३० टक्के सीएनटी, म्हणजे कंट्रोलमध्ये सीएनटी ०.३ मिलिग्रॅम पर मिली हवी, १ नाही. १ घेतली तर सीएनटी जास्त चांगली दिसेल आणि तुम्ही उगाच खचाल, ०.१ घेतली तर कंपोझिट भारी दिसेल आणि तुम्ही स्वतःलाच फसवाल. थेंब तेवढाच, ५ मायक्रोलिटर, नॅफिऑन (पावडर चिकटवणारं पॉलिमर) तेवढंच. पाचवी रेघ पण काढा: दोन्ही पावडरी नुसत्या एकत्र सोनिकेट करून. हायड्रोथर्मलमध्ये (बंद भांड्यात पाण्यासह तापवून) बारा तास ठेवून काही वेगळं घडलं का ते त्यावरूनच कळतं. आणि पीक लवकरच्या पोटेन्शियलला सरकला म्हणून लगेच कॅटॅलिसिस लिहू नका, जाड सच्छिद्र थरात द्रावण अडकून बसतं आणि त्यामुळेही पीक सरकतो. करंट स्कॅन रेटच्या (व्होल्टेज बदलायच्या वेगाच्या) वर्गमुळाशी सरळ जातोय की थेट स्कॅन रेटशी, ते बघा.

सीएनटीतल्या उरलेल्या लोखंड-निकेलच्या कणांमुळेही काही रेणूंना सिग्नल मिळतो, हे लक्षात ठेवा.

पण काम वाया गेलं असं नाही. मी परत बसले आणि एकेका मटेरियलचे पाच-पाच इलेक्ट्रोड बनवले. नुसत्या सीएनटीचे पाच इलेक्ट्रोड एकमेकांशी जुळतच नव्हते, आरएसडी (सरासरीच्या तुलनेत रीडिंगमधला फरक) १९ टक्के, कारण पाण्यात तिचे गठ्ठे होतात आणि प्रत्येक थेंबात वेगळं काहीतरी येतं. कंपोझिटचा ६ टक्के. म्हणजे कार्बन नायट्राइड सीएनटीला पाण्यात पसरवून ठेवत होतं. त्याचं खरं काम हे होतं, आणि हे मी छातीठोकपणे लिहू शकले. पेपर छोट्या जर्नलमध्ये गेला, पण त्यातली प्रत्येक ओळ मी कुणासमोरही उभी राहून सांगू शकते.

दुसरं, इलेक्ट्रोड. ३ मिमीचा जीसीई ०.०५ मायक्रॉनच्या अल्युमिनावर इंग्रजी आठच्या आकड्यात घासा, पाण्यात सोनिकेट करून अल्युमिना पूर्ण काढा, मग ५ मिलिमोलर फेरीसायनाइड ०.१ मोलर केसीएलमध्ये, सेकंदाला ५० मिलिव्होल्टने सीव्ही घ्या. पीक साधारण ५९ मायक्रोअँपिअर यायला हवा, रँडल्स-सेव्हचिकच्या सूत्रात आकडे टाकून स्वतः काढून बघा. ४० येत असेल तर मटेरियल लावू नका, परत घासा. दोन पीकमधलं अंतर १०० मिलिव्होल्टच्या वर असेल तरी परत घासा. रोज. कंटाळा आला तरी.

डायक्लोफेनॅक घेतलंच तर एक गोष्ट: पीएच ४ च्या खाली ते विरघळत नाही. मी पीएच ३ च्या बफरमध्ये टाकलं आणि द्रावण दुधाळ झालं, तरी मी तसंच स्कॅन घेत राहिले, तो अख्खा दिवस फुकट. आणि पहिल्या स्कॅननंतर खालच्या पोटेन्शियलला नवीन जोडी दिसायला लागते, ती ऑक्सिडेशनमधून तयार झालेल्या पदार्थाची आहे, तो इलेक्ट्रोडवर चिकटतो. त्यामुळे प्रत्येक रीडिंगला पृष्ठभाग ताजा हवा.

गाइडबद्दल माझं मत स्पष्ट आहे. महिन्यातून एकदाच भेटले तरी चालतं, पण त्यांनी तुमची कच्ची फाइल उघडून बघितली पाहिजे. फक्त ओरिजिन सॉफ्टवेअरमधला सजवलेला ग्राफ बघून मान डोलावणारे सर प्रेमळ असतील, पण चौथ्या रेघेचा प्रश्न ते विचारणार नाहीत, तो तुम्हालाच विचारावा लागेल. आणि पैसे देऊन डेटा किंवा पेपर करून देणारे भेटतील, त्यांचा नंबर सेव्हसुद्धा करू नका. उपकरण नसल्याचं कारणही मनातून काढा, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात, आयआयटी मुंबईत सैफ (महागड्या उपकरणांचं सामायिक केंद्र) आहे, बाहेरच्या विद्यार्थ्यांचे सॅम्पल फी घेऊन करतात. एक साधा पोटेन्शिओस्टॅट आणि तीन इलेक्ट्रोड असले तरी प्रामाणिक काम होतं, खरंच होतं.

शेवटचं एलओडीचं, म्हणजे सेन्सरला ओळखता येणाऱ्या सगळ्यात कमी प्रमाणाचं. ३ सिग्मा भागिले स्लोप सगळ्यांना पाठ असतं, पण सिग्मा (रीडिंगमधला चढउतार) कोऱ्या बफरच्या दहा रीडिंगवरून काढा, आणि आलेला आकडा मायक्रोग्रॅम पर लिटरमध्ये लिहून बघा. माझी एलओडी ०.०५ मायक्रोमोलर होती, ऐकायला छान, पण म्हणजे लिटरला जवळपास १५ मायक्रोग्रॅम, आणि नद्यांमध्ये हे औषध सहसा त्याहून खूप कमी असतं. गोळीत मोजायला पुरेसं, नदीला नाही. मी पंचगंगेच्या घाटावरून पाणी आणलं, ०.४५ मायक्रॉनमधून गाळलं, आणि काहीच दिसलं नाही, तेव्हा हा हिशोब पहिल्यांदा केला. आता एसपीई कार्ट्रिजमधून (औषध धरून ठेवणारी छोटी नळी) ५०० मिली पाणी ओढते आणि ५ मिलीत उतरवते, शंभर पट, म्हणजे सगळं हाती लागलं तर ०.१५ मायक्रोग्रॅमपर्यंत जाता येईल. मिनिटाला ५ मिलीच्या वर ओढायचं नाही, त्यामुळे एका बाटलीला तासाच्या वर चाळीस मिनिटं लागतात, आणि स्पाइक (तपासणीसाठी मुद्दाम मिसळलेलं ठरावीक औषध) गाळायच्या आधी टाकायचा, नंतर नाही. या आठवड्यात चार बाटल्या झाल्यात, अजून आठ आहेत.