‘लीजन ऑफ सुपर-हीरोज’ पुन्हा वाचताना

‘लीजन ऑफ सुपर-हीरोज’ ही डीसी कॉमिक्सची चित्रकथा-मालिका. तिसाव्या शतकातल्या या तरुण सुपरहीरोंच्या टोळीची पहिली कथा १९५८ सालची. पुन्हा वाचायला घेताना तिथूनच ओळीने सुरुवात करू नका. साठच्या दशकातल्या सुट्या, साध्या गोष्टींतच दम निघून जातो. थेट १९८२ ची ‘द ग्रेट डार्कनेस सागा’ उघडा.

पाच अंकांची ही कथा दुसऱ्या वाचनात जास्त रंगते. खलनायक डार्कसाईड आहे हे आता ठाऊक असतं, त्यामुळे अंधारात ठेवलेली आकृती आणि तिच्या सेवकांचं मूळ यांचे धागेदोरे चटकन दिसतात. लेखक पॉल लेव्हिट्झ मुख्य कथेच्या आडून दोन-तीन उपकथा हळूहळू पुढे सरकवतो. एका बैठकीत त्यातली एकच धरा आणि फक्त तिच्याच चित्रचौकटी शोधत पानं उलटा. पहिल्या वेळी नजरेतून निसटलेला एखादा संवाद पुढच्या मोठ्या घटनेची तयारी होता, हे तेव्हा कळतं. मला तर यातच खरी मजा वाटते.

पात्रं ढीगभर, म्हणून एक कागद जवळ असू द्या: टोपणनाव, खरं नाव, ग्रह, शक्ती. आणि वर ठळक अक्षरांत कालखंड लिहा. १९९४ मध्ये आणि पुन्हा २००४-०५ च्या सुमारास मालिका मुळापासून नव्याने मांडली गेली, त्यामुळे तीच नावं असली तरी माणसं वेगळी आहेत. १९८९ चा, कथेत पाच वर्षांनी पुढे उडी घेणारा टप्पा मात्र जुनं वाचून झाल्यावरच घ्या. त्यात ओळख करून देण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही.