गणपूर्तीचा हिशेब कुठे बिघडतो : सभा घेताना या चुका टाळा

सभेचा ठराव पुढे वादात सापडला की पहिला प्रश्न येतो तो कोरमचा, म्हणजे गणपूर्तीचा (सभेच्या कामकाजाला लागणाऱ्या किमान उपस्थितीचा), आणि तेव्हा बहुतेक संस्था हजेरीपट पुढे करतात. चूक नेमकी तिथेच असते. सह्या सभेच्या आरंभी होतात, तर महत्त्वाचा विषय बहुधा शेवटी येतो. गणपूर्ती 15 असताना 16 जणांनी सह्या केल्या आणि मतदानापूर्वी दोघे निघून गेले, तर उरतात 14. काही नियमावल्यांना आरंभीची उपस्थिती पुरते, काहींना ती अखेरपर्यंत लागते; संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत तर कामकाज सुरू करायला एक तृतीयांश, पण निर्णयाला निम्म्याहून अधिक सदस्य उपस्थित असावे लागतात. म्हणून प्रत्येक मतदानापूर्वी माणसे मोजून तो आकडा इतिवृत्तात लिहावा.

दुसरी चूक म्हणजे मते मोजून उपस्थिती ठरवणे. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात विरोधक सभागृहात बसूनही हजेरीला उत्तर देत नसत आणि कोरमअभावी काम अडवत. 1890 मध्ये सभापती थॉमस रीड यांनी समोर बसलेल्यांची नावे उपस्थितांत नोंदवून घेतली, तेव्हा मोठा गदारोळ झाला. तटस्थ सदस्य उपस्थितच असतो. मात्र 15 पैकी 6 बाजूने, 4 विरोधात आणि 5 तटस्थ असतील, तर झालेल्या मतांच्या बहुमताने ठराव संमत होतो, उपस्थितांच्या बहुमताची अट असल्यास पडतो.

प्रमाण कशावर काढायचे, हेही आधी पाहावे. नऊ जणांच्या समितीत दोन जागा रिक्त असताना ‘निम्म्याहून अधिक’ म्हणजे मंजूर संख्येवर 5, प्रत्यक्ष संख्येवर 4. मुखत्यार (गैरहजर सदस्याच्या वतीने आलेली व्यक्ती), ऑनलाइन सहभागी किंवा विषयात हितसंबंध असलेला सदस्य गणपूर्तीत धरायचा का, याचे उत्तर आपल्या नियमावलीत आणि संस्थेला लागू असलेल्या कायद्यात पाहावे.

गणपूर्ती नसताना ठराव करून ‘पुढच्या सभेत कायम करू’ म्हणणे ही सर्वांत महागात पडणारी सवय आहे, कारण इतिवृत्त कायम केल्याने नोंद बरोबर असल्याचे ठरते, निर्णय वैध ठरत नाही. अशा वेळी सभा तहकूब करावी आणि गणपूर्ती असलेल्या सभेत तो विषय रीतसर मांडून नव्याने मतदान घ्यावे. तहकूब सभेला गणपूर्तीची अट शिथिल करणारे नियम अनेक ठिकाणी आहेत, परंतु ती सवलत सहसा मूळ विषयपत्रिकेपुरतीच असते. तिच्या आडून नवा विषय घुसडता येत नाही.