लेआउटमधून मॅप केलेलं फील्ड काढताय? या चुका टाळा

"यातले निम्मे रकाने आम्हाला लागतच नाहीत, काढून टाका ना," असं सेल्सफोर्स (ग्राहकांची माहिती ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरणारी मालाडच्या कॉल सेंटरमधली मुलगी म्हणते, तेव्हा तिचं म्हणणं रास्तच असतं. पलीकडे ग्राहक ताटकळलेला आणि ही स्क्रोल करतेय. पण तिला रकाना, म्हणजे फील्ड, लेआउटमधून (स्क्रीनवरच्या मांडणीतून) हटवून हवाय, त्यामागचं मॅपिंग, म्हणजे बाहेरून येणारी माहिती त्या फील्डला जोडणारी जोडणी, तोडून नकोय.

मी नेमकी तीच तोडली होती. कपड्यांच्या दुकानांचं काम होतं. 'पर्यायी मोबाइल' कुणी बघत नाही म्हणून मी लेआउटसोबत त्याचं मॅपिंगही काढलं. ग्राहक जुळवण्याचा नियम त्याच नंबरवर उभा होता, हे तपासलंच नाही. दुसऱ्या दिवशी दादरच्या काउंटरवर एक जुन्या ग्राहक बाई आल्या, तर स्क्रीनवर त्यांचे पॉइंट शून्य. ठाण्याच्या दुकानातली त्यांची खरेदी दुसऱ्याच प्रोफाइलवर गेली होती. बिल हातात धरून त्या उभ्या होत्या, तो चेहरा मी विसरलेलो नाही. म्हणून सांगतो, मॅपिंगला हात लावण्याआधी ते फील्ड जुळवणीच्या नियमांत, सेगमेंटमध्ये (ग्राहकांच्या गटांमध्ये) किंवा बाहेर जाणाऱ्या याद्यांमध्ये आहे का, हे एकेक उघडून बघा. नुसती स्क्रीन मोकळी करायची असेल तर मॅपिंगकडे फिरकूच नका.

काढलं तरी दिसतंय? सेल्सफोर्समध्ये लेआउट हा वापरणाऱ्याची प्रोफाइल (त्याला दिलेले अधिकार) आणि रेकॉर्ड टाइप (नोंदीचा प्रकार) यांनुसार वेगळा असतो. तुम्ही भलताच लेआउट बदललेला असतो. किंवा पानावर डायनॅमिक फॉर्म्स असतात, म्हणजे फील्ड लेआउटमधून नाही तर थेट पानावर ठेवलेली असतात. मग फील्ड लाइटनिंग ॲप बिल्डर या पान रचण्याच्या साधनातूनच काढावं लागतं. निघतच नसेल तर ते बहुधा सक्तीचं आहे.

लेआउटवरून गेलं म्हणजे माहिती सुरक्षित झाली, हा समज तर फार घातक. रिपोर्टमध्ये आणि एपीआयमधून (दुसऱ्या सॉफ्टवेअरला माहिती देणाऱ्या वाटेतून) ती मिळतच राहते. अडवायची असेल तर फील्ड लेव्हल सिक्युरिटी लावा, म्हणजे ते फील्ड कुणाला दिसावं हे ठरवणारी सेटिंग. आणि ग्राहकाने 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा आधार घेऊन माहिती पुसायला सांगितली, तर रकाना लपवणं म्हणजे पुसणं नव्हे.

चुकून कस्टम फील्डच (तुम्ही स्वतः बनवलेलं फील्ड) डिलीट केलं असेल तर घाबरू नका, पण वेळही दवडू नका. सेल्सफोर्समध्ये ते 15 दिवस परत आणता येतं. लेआउटवर मात्र ते पुन्हा हाताने ठेवावं लागतं.