सातवीतल्या मुलाला एसएटीला बसवताना

शाळेच्या प्रमाणित चाचणीत ९९ पर्सेंटाइल मिळवणारी दोन मुलं कागदावर सारखीच दिसतात. एकाला पुढच्या दोन इयत्तांचं गणित येत असेल, दुसऱ्याला चार इयत्तांचं. पण पेपरच तिथे संपतो. हा फरक पाहायला वरच्या वर्गांसाठीची परीक्षा द्यायची. १९७२ मध्ये मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅनली यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सातवी-आठवीतल्या मुलांना कॉलेजप्रवेशाची एसएटी दिली, तिथून अमेरिकेत ही पद्धत रुळली.

स्वतःच्या इयत्तेच्या चाचणीत साधारण ९५ पर्सेंटाइलच्या वर असलेल्या मुलालाच बसवा. तेही गुणांवरून काही ठरणार असेल तर: गणितात वरचा वर्ग किंवा एखादा उन्हाळी अभ्यासक्रम. नुसत्या कौतुकासाठी नको.

नोंदणीला लवकर लागा. तेरा वर्षांखालच्या मुलांची ऑनलाइन नोंदणी होत नाही, अर्ज टपालाने जातो.

क्लास लावू नका. घोटून घेतलं की गुण वाढतात, पण मुलाची मूळ झेप किती हे कळेनासं होतं. ओळख मात्र हवीच. एसएटी ज्यावर होते त्या ब्लूबुक ॲपवर एक पूर्ण सराव परीक्षा घड्याळ लावून द्यायला सांगा. वाचन-लेखनाचे ५४ प्रश्न ६४ मिनिटांत, गणिताचे ४४ प्रश्न ७० मिनिटांत. प्रत्येक विभागाचे दोन भाग असतात. पहिला कसा गेला त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते आणि पहिल्यात परत जाता येत नाही. गणितातल्या काही प्रश्नांना पर्याय नसतात, उत्तर टाइप करावं लागतं.

हुशार मुलं नेमकी कुठे अडकतात? शाळेत त्यांनी कधी प्रश्न सोडलेलाच नसतो. नववा प्रश्न अडला की त्यावरच सहा मिनिटं जातात आणि शेवटचे चार राहतात. म्हणून सरावातच सवय लावा: दीड मिनिटात सुटला नाही तर खूण करून पुढे. शेवटच्या दोन मिनिटांत उरलेल्यांना अंदाजे उत्तर द्यायचं. चुकीला गुण कापत नाहीत. बरंचसं येणार नाही आणि ते अपेक्षितच आहे, हेही आधी सांगून ठेवा. नाहीतर मूल रडत बाहेर येतं.

निकालपत्रावरचा पर्सेंटाइल मोठ्या मुलांच्या तुलनेत असतो, तो बाजूला ठेवा. टॅलेंट सर्चमधल्या, म्हणजे हुशार मुलं हेरण्यासाठी अशीच वरची परीक्षा घेणाऱ्या उपक्रमांतल्या, त्याच इयत्तेच्या मुलांचा तक्ता मिळवा. प्रत्येक विभागाची पट्टी २०० ते ८०० असते; दोन्हींची बेरीज पाहूच नका. गणित ६२०, वाचन-लेखन ४३० असेल तर वरचा वर्ग फक्त गणितात. ‘तेराव्या वर्षाआधी गणितात ७०० म्हणजे दहा हजारांत एक’ हा जुना ठोकताळाही आज लावू नये. १९९५ नंतर परीक्षा आणि गुणांची पट्टी दोन्ही बदलल्या आहेत.

दोन्ही विभागांत २००-३०० च्या आसपासच गुण आले तर ही परीक्षा फारच वरची ठरली. तिच्यावरून काही ठरवू नका, दोन-तीन इयत्ता वरची एखादी चाचणी द्या.