हिवाळी स्टीलहेडला जायचंय? तयारी पंचगंगेवरच करा

दोन वर्षांमागं फेब्रुवारीत आम्ही कोल्हापूरचे तिघंजण अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात, ऑलिंपिक द्वीपकल्पावर फोर्क्स गावाच्या पुढं समुद्राकडच्या एका लॉजवर स्टीलहेडला गेलतो. तेव्हापासून बरेच जण विचारतायत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

स्टीलहेड म्हंजे रेनबो ट्राउटच, पण नदीत जन्मून समुद्रात जाऊन मोठा झालेला, आणि अंडी घालायला परत नदीत चढणारा. हिवाळी मासा साधारण डिसेंबर ते एप्रिल चढतो, त्यातला नैसर्गिक (हॅचरीत न वाढवलेला) मासा जास्त करून फेब्रुवारी-मार्चला. आठवड्यात एक लागला तरी लई झालं. मला सहा दिवसात एकच लागला.

सगळ्यात महत्त्वाचं, लाईन फेकायचा सराव इथनंच करून जा, तिथं जाऊन शिकू म्हणाल तर निम्मी ट्रिप त्यातच जाते. काठी दोन हातांची, 13 फुटाच्या आसपास, 7 किंवा 8 वेटची (वेट म्हंजे लाईनच्या वजनाचा नंबर), तिला स्कॅजिट हेड, म्हंजे लाईनचा पुढचा आखूड जड भाग, आणि त्याच्या पुढं बुडणारी टिप. अशा काठीनं फेकायच्या पद्धतीला स्पे कास्ट म्हणतात, तिला मागं जागा लागत नाही कारण लाईन पाण्याला चिकटते आणि त्या ओढीवरच काठी वाकते, म्हणून गवतावर सराव करून उपयोग नाही, वाहतं पाणीच पाहिजे. मी पावसाळा संपल्यावर प्रयाग चिखलीच्या बाजूला काठावर उभा राहून करायचो, गळाऐवजी लोकरीचा गोंडा बांधून. बंधाऱ्याच्या जवळ मात्र पाण्यात उतरू नका. 50-60 फूट सरळ जायला लागलं की बास, लांब फेकायची हौस करू नका, मासा बऱ्याचदा काठाजवळच असतो.

फ्लाय (गळावर पिसं-केस बांधून केलेलं नकली आमिष) तिरका, धारेच्या खालच्या अंगाला साधारण 45 अंशात टाकायचा, लाईन धारेच्या वरच्या बाजूला उचलून ठेवायची म्हंजे टिप बुडते, आणि मग धारेनं फ्लाय हळूहळू अर्धगोल फिरत आपल्या काठाला येऊ द्यायचा. तो खाली सरळ रेषेत आला की थोडा थांबा, मग दोन पावलं खाली सरका आणि परत तेच. पाणी 5-6 अंशाचं असतं, गार पाण्यात मासा लांबनं धावून येत नाही, त्यामुळं फ्लाय जितका हळू आणि खोल तितकं बरं. लीडर (टिप आणि फ्लायमधला बारीक दोरा) 3-4 फुटाचाच ठेवा, लांब ठेवला तर टिप खाली आणि फ्लाय वर असं होतं. ओढ जाणवली की काठी वर उचलायची नाही! आपल्याला गळ म्हटलं की हिसका द्यायची सवय, मी पहिला मासा तसाच घालवला. त्याला वळू द्या, लाईन ताणली की मग काठी काठाकडं आडवी न्या.

पाऊस तिथं हिवाळ्यातच पडतो, गगनबावड्यासारखाच पण गार. पावसाळ्यात आपण राजाराम बंधाऱ्याची पातळी कशी तासातासाला बघतो, 39 फुटाला इशारा, 43 ला धोका, तशीच तिथं होह नदीची पातळी ऑनलाईन दिसते, रोज सकाळी बघायची. पाणी उतरायला लागलं आणि रंग मातकटाचा हिरवट झाला की तोच दिवस. होहला हिमनदीचं पाणी असल्यानं ती उशिरा निवळते, तोवर सोल डक नदीवर जाता येतं.

कपडे: कॉटन अजिबात नको, आत लोकरीचे, वर वेडर (पाण्यात उतरायची छातीपर्यंतची जलरोधक विजार) आणि कमरेला पट्टा कायम. बूट मोठा घ्या, जाड मोज्यानं पाय आवळला की रक्त फिरत नाही आणि बोटं बधिर होतात. तळ रबरी आणि खिळ्यांचा, शिवाय आधाराला हातात वेगळी काठी, कारण गोट्यांवरचं शेवाळ लई निसरडं असतं.

खायला कांदा-लसूण चटणी न्या, विमानतळावर खाण्याचं सगळं लिहून द्या, मटणाचं काही नेऊ नका.

लायसन आणि स्टीलहेडचं कॅच कार्ड (धरलेल्या माशाची नोंद करायचं) आधी काढा, नियम दर हंगामाला बदलतात ते वाचून जा. गळ एकच आणि उलटा काटा नसलेला.

आता मासा लागल्यावरचं, हे नीट वाचा. पाठीवर शेपटीजवळचा छोटा मांसल पर शाबूत असेल तर तो नैसर्गिक मासा (हॅचरीच्या माशाचा तो कापलेला असतो), सोडायचाच, आणि पूर्ण पाण्याबाहेर काढायचा पण नाही. तिथले सॅमन अंडी घालून मरतात, स्टीलहेड मात्र काही वाचून परत समुद्रात जातात आणि पुढच्या खेपेला पुन्हा येतात, तिथले नैसर्गिक मासे कमी होत चाललेत म्हणून एकेकाची किंमत आहे. हात ओले करा, गोट्यांवर ओढू नका, फोटो पाण्यातच. शेपटीच्या बुडाला हलकं धरून तोंड धारेकडं करा आणि तो स्वतः जोर लावेपर्यंत थांबा. माझा बराच वेळ हातात होता, मग एकदम निसटून डोहात गेला.