प्राँगहॉर्नच्या शिकारीची तयारी: आधी बर्फ, मग बंदूक

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याच्या माळरानावरच्या प्राँगहॉर्नबद्दल, म्हणजे हरणासारख्या दिसणाऱ्या तिथल्या जनावराबद्दल, एक तक्रार हमखास कानावर येते, की मांस उग्र लागतं, सेजब्रश या तिथल्या वासाच्या झुडपाचा वास मारतं. मला हे अजिबात पटत नाही. वेळेत थंड केलेलं प्राँगहॉर्नचं मांस इतकं कोवळं आणि सौम्य असतं की रानातल्या दुसऱ्या कुठल्याही मांसाआधी मी त्याला हात घालीन. ते बिघडतं उष्णतेने, गोळी लागल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतल्या दिरंगाईने. म्हणून तयारीची सुरुवात बर्फापासून करा.

बरेचसे हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरात असतात आणि सप्टेंबरच्या दुपारी पारा सहज २५ अंशांच्या वर जातो. सावली नावाला नसते. दोन मोठे कूलर, म्हणजे बर्फ ठेवायच्या झाकणाच्या पेट्या, घ्या, एकात आख्खं जनावर बसवायचा हट्ट नको. सुटा बर्फ थोडा आणि पाणी गोठवलेल्या बाटल्या भरपूर ठेवा, कारण बाटलीतला बर्फ वितळला तरी मांस पाण्यात बसत नाही. पाण्यात भिजलेलं मांस फिकट, बुळबुळीत होतं आणि जंतूंना आयतं रान मिळतं. कूलरची खालची तोटी उघडी ठेवायची आणि तळाला जाळी टाकायची. कूलर आदल्या रात्रीच बर्फ भरून गार करून ठेवा.

कागदपत्रांना फार वेळ लागत नाही, पण ती हंगामाच्या खूप आधी उरकावी लागतात. बहुतेक भागांचे परवाने सोडतीने मिळतात आणि परवाना ठरावीक क्षेत्रापुरताच चालतो. १ जानेवारी १९६६ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार सुरक्षेच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. बंदुकीने शिकार करताना अंगावर भडक नारिंगी किंवा गुलाबी रंगाचा निदान एक कपडा सक्तीचा आहे. खासगी जमिनीवर जायचं असेल तर मालकाची परवानगी आधीच घ्या. जनावर पडलं की जागेवरच टॅगवर, म्हणजे परवान्यासोबतच्या चिठ्ठीवर, तारीख टाकून सही करायची, म्हणून पेन खिशात हवं. परवाना फक्त नराचा किंवा फक्त मादीचा असेल, तर जनावर नर होतं की मादी याचा पुरावा मांसाला लागलेला राहू द्या. (भारतात काळवीट किंवा चिंकारा मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे सारं वायोमिंगमधल्या परवान्याच्या शिकारीपुरतं.)

रायफल निघण्याआधीच नीट झीरो करून घ्या, म्हणजे नेम धराल तिथेच गोळी लागेल अशी दुर्बीण जुळवून घ्या, आणि किती अंतरापर्यंत आपला नेम खात्रीचा आहे ते स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवा. उघड्या माळावर अंतर फसवं दिसतं, अंतर मोजणारा रेंजफाइंडर जवळ असू द्या. ताशी ८० किलोमीटरच्या वर पळू शकणाऱ्या या जनावरावर ते पळत असताना गोळी झाडू नका. गोळी पोटात गेली तर आतड्यातली घाण मांसभर पसरते, आणि दमछाक होऊन मेलेल्या जनावराचं मांसही बिघडतं. उभ्या, शांत जनावराच्या फुप्फुसात गेलेली एक गोळी हीच मांसाची पहिली राखण.

पिशवीत दोन धारदार सुऱ्या, धार लावायचा दगड, रबरी हातमोजे, दोरी, सुती कापडाच्या मोठ्या पिशव्या आणि सुईचा थर्मामीटर घ्या. प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत, त्यांत वाफ कोंडते. आतडी लगेच काढा, श्वासनलिका थेट गळ्यापर्यंत ओढून घ्या. मग कातडं सोला. प्राँगहॉर्नचे केस आतून पोकळ असतात, त्यामुळे कातडं अंगावर राहिलं की ऊब आतच कोंडते. हे केस हात लागताच झडतात आणि मांसाला चिकटतात. केसांना लावलेला हात पुसल्याशिवाय मांसाला लावू नका. घाण लागलेला भाग पाण्याने धूत बसण्यापेक्षा कापून टाकलेला बरा. मागच्या फऱ्यात, मांडीच्या हाडालगत बोट घालून पाहा. वरचं मांस गार लागत असताना तिथे अजून चांगलीच ऊब असते, आणि सडायला सुरुवात तिथूनच होते.

एक गोष्ट मात्र घाईत करू नका: मांस हाडावरून लगेच सोडवू नका आणि गरम असतानाच बर्फात गाडूही नका. मेल्यानंतर काही तासांत स्नायू ताठरतात. त्याआधी ते हाडापासून सुटले किंवा १० अंशांखाली गेले, तर आखडतात आणि मांस चिवट होतं. आधी वाऱ्यावर ऊब जाऊ द्या, मग हाडासकट फरे कापडात गुंडाळून कूलरमध्ये ठेवा. ऊन तापलेलं असेल तर मात्र चिवटपणाची काळजी सोडा आणि बर्फ गाठा. चिवट मांसाचा खिमा होतो, नासलेल्याचं काहीच होत नाही.

आता मुरवणं, म्हणजे मांस थंड जागी काही दिवस टांगून ठेवणं. ताठरपणा साधारण दिवसाभरात उतरतो आणि त्यानंतर मांसातलेच एन्झाइम स्नायूंचे धागे सैल करत जातात. त्यासाठी जागा ० ते ४ अंशांची, हवा खेळती आणि टांगलेले तुकडे एकमेकांना न चिकटलेले हवेत. रिकामा केलेला जुना फ्रिज, आत जाळी आणि छोटा पंखा, एवढ्यावर भागतं. गोमांस आठवडे टांगतात म्हणून इथे तसं करू नका. प्राँगहॉर्न लहान चणीचं, चरबी जवळजवळ नाहीच, त्यामुळे ते वरून भराभर सुकतं आणि कापून टाकायचं वाळकं मांस वाढतं. माझ्या मते दोन ते तीन दिवस पुरे. कोवळ्या जनावराला तेवढंही लागत नाही. पोटात गोळी लागलेलं किंवा उन्हात राहिलेलं जनावर मुरवायचंच नाही, गार झालं की लगेच तुकडे पाडायचे. ज्याचा सगळा खिमाच व्हायचा आहे तेही टांगण्यात अर्थ नाही.

तुकडे पाडताना वरचा वाळलेला थर, पांढरा पापुद्रा आणि चरबी काढून टाका. उग्र वास बराचसा चरबीतच असतो. जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापा, शिशाच्या गोळीचे बारीक कण डोळ्यांना दिसतात त्याहून बरेच लांबवर गेलेले असतात. घट्ट गुंडाळून, तारीख आणि कुठला भाग ते लिहून, उणे १८ अंशांवर ठेवा.